बाहेरची भिंत कशाची बांधावी? ब्लॉक ठरवण्याआधी बीमकडे बघा

प्रश्न असा आला आहे: "दुमजली घर बांधतोय, आरसीसी सांगाड्याचं. बाहेरच्या भिंतींसाठी कंत्राटदार लाल विटेवर अडून बसलाय. मेहुणा म्हणतो एएसी ब्लॉकच घे. एका विक्रेत्याने पोकळ काँक्रीट ब्लॉक दाखवले, म्हणाला आतली हवाच उष्णता अडवते. घर उन्हाळ्यात कमी तापावं, एसीचं बिल आटोक्यात राहावं, थंडीत ऊब टिकावी. सगळ्यांत जास्त ऊर्जा वाचवणारी भिंत कोणती?"

आधी उत्तर देतो, मग कारणं. संध्याकाळी-रात्री एसी चालणार असेल तर २०० मिमीचा एएसी ब्लॉक (हवेचे बुडबुडे कोंडलेला हलका काँक्रीट ब्लॉक), पातळ जोडाने लावलेला, आणि कॉलम-बीमवर बाहेरून इन्सुलेशनचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराचा, पट्टा. यातला शेवटचा भाग गाळलात तर पहिल्या भागावर केलेला निम्मा खर्च वाया जातो. तुमच्याकडे रात्री हवा चांगली गार होत असेल आणि एसी लावायचाच नसेल, तर जाड विटेची भिंत, बाहेरून पांढरी, अजूनही उत्तम. पोकळ ब्लॉकचं म्हणाल तर उष्णतेसाठी म्हणून तो घेऊ नका.

भिंतींची तुलना करताना एकच आकडा हाताशी ठेवा, यू-व्हॅल्यू. भिंतीच्या दोन बाजूंच्या तापमानात १ अंशाचा फरक असताना १ चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता पलीकडे जाते, तो हा आकडा. जितका लहान तितकं बरं. नऊ इंची म्हणजे २३० मिमी विटेची, दोन्हीकडून गिलावा केलेली भिंत १.८ ते २ च्या घरात येते. २०० मिमी एएसीची साधारण ०.७. नुसती १५० मिमी काँक्रीटची भिंत ३ च्याही वर. दहा चौरस मीटरची भिंत धरा आणि आत-बाहेर १५ अंशांचा फरक. विटेतून सुमारे २८० वॉट आत येतील, ब्लॉकमधून शंभरेक, काँक्रीटमधून पाचशेच्या आसपास. म्हणजे मेहुण्याचं गणित चुकलेलं नाही.

एएसी इतका पुढे का, तर त्यात बहुतेक हवाच असते. सिमेंट, चुना आणि वाळू किंवा राख यांच्या पातळ मिश्रणात चिमूटभर अॅल्युमिनियमची पूड टाकतात. तिच्यापासून हायड्रोजन सुटतो, मिश्रण फसफसून फुगतं, मग ते कापून दाबाखालच्या वाफेत पक्कं करतात. हायड्रोजन निघून जातो, त्याच्या जागी हवा येते. स्वीडनच्या अॅक्सेल एरिकसन या वास्तुविशारदाने १९२० च्या दशकात ही पद्धत बसवली. ब्लॉकच्या आकारमानात जवळपास तीन-चतुर्थांश हवा, तीही मिलिमीटरभर बुडबुड्यांत कोंडलेली.

ही "कोंडलेली" हवाच विक्रेत्याच्या बोलण्यात राहून गेली. पोकळ काँक्रीट ब्लॉकमध्ये हवा असते हे खरं, पण ती तिथे स्वस्थ बसत नाही. तापलेल्या अंगाला वर चढते, गार अंगाला खाली उतरते आणि उष्णता पोचवत राहते. शिवाय पोकळीच्या एका कडेकडून दुसरीकडे किरणोत्सर्गाने उष्णता जाते ती वेगळीच. साधारण २५ मिमीच्या पुढे पोकळी कितीही रुंद केली तरी तिचा विरोध वाढत नाही. तो पाचेक इंच विटेइतकाच राहतो. आणि पोकळ ब्लॉकमध्ये तेवढाही पुरता मिळत नाही, कारण दोन पोकळ्यांमधले काँक्रीटचे पडदे थेट आरपार गेलेले असतात. उष्णता पोकळीच्या वाटेला जातच नाही, पडद्यातून सरळ निघते. हा ब्लॉक हलका आहे, बांधायला झटपट आहे. त्यासाठी घ्यायचा तर जरूर घ्या.

आता कॉलम-बीम. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका घरमालकांनी बोलावलं होतं. सगळ्या बाहेरच्या भिंती एएसीच्या, ब्लॉक चांगल्या प्रतीचा, तरी पश्चिमेची खोली रात्री तापलेली. त्यांचं म्हणणं, ब्लॉकमध्ये फसवणूक झाली. संध्याकाळी सातच्या सुमारास खोलीत उभं राहून मी इन्फ्रारेड थर्मामीटर भिंतीवरून फिरवला. ब्लॉकच्या भागावर आकडा खोलीच्या हवेपेक्षा थोडासाच वर होता. छताखालच्या बीमच्या पट्ट्यावर गेलो आणि तो एकदम चार अंशांनी चढला. कोपऱ्यातल्या कॉलमवर तेच. खिडकीच्या डोक्यावरच्या लिंटेलवर तेच. मालकांना म्हटलं, आता तळहात लावून बघा. रंगाखाली काहीही दिसत नव्हतं, पण डोळे मिटून हाताने त्यांना बीमची खालची कड नेमकी सापडली. ब्लॉकमध्ये काही खोट नव्हती. उष्णता ब्लॉकला वळसा घालून येत होती.

याचं गणित कागदावर दोन ओळींत होतं. कॉलम, बीम, लिंटेल आणि स्लॅबच्या कडा मिळून बाहेरच्या भिंतीचा २० टक्के भाग काँक्रीटचा धरा. दुमजली घरात हे सहज होतं. २०० मिमी काँक्रीटची यू-व्हॅल्यू ३, ब्लॉकची ०.७. ८० टक्क्यांतून ०.५६ आणि २० टक्क्यांतून ०.६. एकूण १.१६. म्हणजे भिंतीच्या पाचव्या हिश्शातून निम्म्याहून जास्त उष्णता आत येते, आणि तुम्ही पैसे मोजलेली ०.७ ची भिंत प्रत्यक्षात १.१६ ची होते.

उपाय अवघड नाही, पण तो काँक्रीट ओतण्याआधी ड्रॉइंगमध्ये यावा लागतो. भिंत कॉलमच्या बाहेरच्या अंगापेक्षा ५० मिमी पुढे काढायची आणि कॉलम-बीमच्या तोंडावर जो खळगा राहतो त्यात एक्सपीएस फोमचा (थर्माकोलच्याच जातीचा, पण जास्त घट्ट) ५० मिमी बोर्ड बसवायचा. काँक्रीटच्या भागाची यू-व्हॅल्यू ३ वरून ०.५५ पर्यंत उतरते आणि सबंध भिंत सरासरीने ०.७ च्या आत येते. फोम नको असेल तर त्या जागी ५० मिमी जाडीचे एएसीचे काप लावा. मग सरासरी ०.८७ च्या आसपास येईल, तीही वाईट नाही. ब्लॉक बीमच्या पुढे किती काढता येतील हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच ठरवेल, साइटवर कुणी अंदाजाने ठरवू नये. काँक्रीट आणि ब्लॉक जिथे भेटतात त्या सांध्यावर गिलाव्याखाली जाळी हवीच. दोन्ही पदार्थ वेगवेगळे आकसतात. जाळी नसेल तर पहिल्याच वर्षी कॉलमच्या कडेने केसाएवढी सरळ भेग दिसते आणि पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं.

थंड हवेच्या ठिकाणी हाच पट्टा उलटा त्रास देतो. आतून तो सगळ्यांत गार भाग असतो, खोलीतली वाफ तिथे दवासारखी जमते. कपाटामागे, कोपऱ्यात, छताखाली काळी बुरशी नेमकी बीम-कॉलमच्या आकारात धरलेली दिसली की लोक पाइप गळतोय का ते शोधत बसतात.

जोडांची गोष्टही अशीच. ६०० बाय २०० मिमीचा ब्लॉक साध्या सिमेंट-वाळूच्या मालाने, १२ मिमीचे जोड ठेवून लावला तर भिंतीच्या दर्शनी भागाचा साडेसात टक्के हिस्सा जोडांचा होतो. तो माल ब्लॉकच्या पाचपट जोरात उष्णता वाहून नेतो. एवढ्याने भिंतीचं उष्णतावहन जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढतं. तोच ब्लॉक ३ मिमीच्या तयार अॅडेसिव्हने लावला तर ही वाढ दहा टक्क्यांच्या आत राहते. म्हणून कंत्राटाच्या कागदावर नुसतं "एएसी ब्लॉकचं बांधकाम" लिहून घेऊ नका, "३ मिमी अॅडेसिव्ह जोडाने" असं लिहून घ्या. गवंड्याचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: "साहेब, जोड पातळ ठेवला तर लेव्हल कशात घेणार?" आक्षेप खरा आहे. लेव्हल पहिल्या थरात घ्यायची, तो जाड मालावर बसवायचा, त्यावर अख्खा दिवस गेला तरी चालेल. पुढचे थर मग आपोआप सरळ येतात.

आणि ब्लॉक विटेसारखे हौदात बुडवू देऊ नका. विटेला पाणी पाजायची सवय हातात इतकी मुरलेली असते की समजावूनही दुसऱ्या दिवशी हौद भरलेला सापडतो. एएसी पाणी हळूहळू पितो आणि महिनोन्महिने सोडत राहतो. पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहतं, त्यामुळे भिजलेला ब्लॉक म्हणजे बुडबुड्यांत पाणी भरलेला ब्लॉक. शिवाय वाळताना तो आकसतो आणि गिलाव्याला जाळीदार भेगा पडतात. लावायच्या बाजूवर ब्रशने पाण्याचा हात फिरवला की झालं. पावसाळ्यात साइटवरचे गठ्ठे झाका आणि जमिनीला टेकू देऊ नका.

इथपर्यंत मी विटेच्या विरोधात बोलतोय असं वाटेल. तसं नाही. यू-व्हॅल्यू सांगते की उष्णता किती जाते. केव्हा जाते हे सांगत नाही. पश्चिमेच्या नऊ इंची विटेच्या भिंतीला रात्री नऊ वाजता आतून हात लावून बघा. बाहेर ऊन कधीच मावळलंय, आणि भिंत आत्ता कुठे ऐन तापलेली असते. विटेच्या या जाडीला उष्णता आरपार यायला सहा ते आठ तास लागतात, दुपारी तीनचं ऊन रात्री पोचतं. आता हे चांगलं की वाईट, ते रात्रीवर अवलंबून. जिथे दिवस भाजतो आणि रात्र गार पडते तिथे संध्याकाळी खिडक्या उघडायच्या, भिंत रात्रभर निवते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर बाहेरच्यापेक्षा गार राहतं. जुन्या जाड भिंतींच्या घरांचं सुख ते हेच. पण जिथे रात्रीही हवा चिकट आणि उबदार असते तिथे भिंत निवतच नाही. त्यात झोपायची खोली पश्चिमेला आणि एसी रात्री लागणारा असेल तर दिवसभर साठवलेली उष्णता भिंत बरोबर तेव्हाच आत सोडते आणि एसी ती रात्रभर बाहेर ढकलत बसतो. एएसीतूनही उष्णता उशिराच येते, पण मुळात पोचणारी उष्णताच कमी. त्यामुळे या दुसऱ्या घरात ब्लॉक जिंकतो.

दोन्ही हवं असेल तर एक रचना आहे, आणि खरं सांगायचं तर मला तीच सगळ्यांत आवडते: आत वीट, बाहेर इन्सुलेशन. नऊ इंची विटेवर बाहेरून ५० मिमी ईपीएस (म्हणजे थर्माकोल), त्यावर जाळी आणि पातळ पॉलिमर गिलावा. यू-व्हॅल्यू १.८५ वरून ०.५ वर येते. तेवढंच नुसत्या विटेने साधायचं तर भिंत जवळजवळ आणखी एक मीटर जाड करावी लागेल. विटेचं वजन आतल्या बाजूला राहतं, त्यामुळे खोलीचं तापमान झटकन वरखाली होत नाही. शिवाय ही चादर कॉलम-बीमवरूनही सलग जाते, म्हणजे वरचं सगळं बीमपुराण इथेच संपतं. अडचण खर्चाची आणि हाताची. हे काम येणारे कारागीर मोजके असतात. बोर्डांच्या सांध्यांत फट राहिली, खिडकीच्या कडेला जाळी नीट वळवली नाही, तर पाणी आत जातं आणि चार-पाच वर्षांत पोपडे सुटतात.

जाडी किती, हेही विचारलं जातं. पहिले ५० मिमी १.८५ चं ०.५ करतात. पुढचे ५० मिमी ०.५ चं ०.३. त्यापुढचे ०.३ चं ०.२. उष्ण हवेच्या घराला पहिल्या ५० मिमीनंतर मी थांबतो आणि उरलेला पैसा छताकडे वळवतो. जिथे हिवाळा महिनोन्महिने शून्याखाली असतो तिथे हिशोब वेगळा. जर्मनीत डार्मश्टाटला १९९१ मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या पॅसिव्ह हाउसपासून (गरम ठेवायला अगदी कमी ऊर्जा लागणारं घर) तिकडे ०.१५ च्या भिंती बांधतात. आत-बाहेरचा फरक ३० अंशांचा असला की ते परवडतं. तोच आकडा उष्ण प्रदेशातल्या घरावर चिकटवणं म्हणजे हौस.

इन्सुलेशन आतून लावायचा सल्लाही कुणीतरी देईल, कारण ते सोपं आणि स्वस्त. दिवसातून दोन-तीन तासच वापरात असलेल्या खोलीला ते शोभतं, एसी लावला की खोली पटकन गार होते. बाकी घराला नको. बाहेरच्या भिंतीला येऊन मिळणाऱ्या आतल्या भिंती आणि स्लॅब तो थर तोडून जातात आणि मागे ओल धरते.

ओलीबद्दल थोडं नीट. वाफ उबदार-दमट बाजूकडून गार-कोरड्या बाजूकडे सरकते. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ती हवा २६ अंशांवर पाणी सोडायला लागते. आत एसीने भिंत २४ अंशांवर ठेवली आहे आणि तिच्यावर आतून विनाइलचा वॉलपेपर किंवा प्लॅस्टिकसारखा चकचकीत रंग आहे. बाहेरून झिरपत आलेली वाफ त्या कागदामागे अडते आणि तिथेच पाणी होते. कागद सोलला की मागे करडी-गुलाबी बुरशी. म्हणून दमट-उष्ण हवेत वाफ अडवणारा थर बाहेरच्या बाजूला, थंड प्रदेशात आतल्या बाजूला. कोणता थर कुठे हे कळेपर्यंत आतून वाफ सोडणारा साधा रंग लावा, चूक होणार नाही.

फोम जळतो हेही लक्षात ठेवा. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग बाहेरच्या भिंतीवरच्या ज्वलनशील आवरणातून वर चढत गेली आणि ७२ माणसं गेली. तुमचं घर दुमजली आहे, तुलना एकास एक नाही. तरी फोम कुठेही उघडा सोडायचा नाही, पूर्ण गिलाव्याखाली हवा, आणि खिडक्यांच्या डोक्यावर फोमऐवजी रॉकवूलचा (दगडाच्या तंतूंच्या लोकरीचा) पट्टा द्यायचा. रॉकवूल जळत नाही, उष्णता जवळपास ईपीएसइतकीच अडवतं, फक्त पाण्यापासून जपावं लागतं.

बाकी पर्यायांचं थोडक्यात. फ्लाय अॅशची (कोळशाच्या राखेची) वीट उष्णतेच्या दृष्टीने लाल विटेसारखीच. भट्टी लागत नाही हा तिचा गुण, भिंत गार ठेवण्याचा नाही. मातीची किंवा दाबून केलेल्या माती-सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंतही विटेच्या आसपास, पण ती तयार करायला ऊर्जा फारच कमी लागते. पावसापासून वाचवता येणार असेल तर जरूर विचार करा. दगड विटेच्या दोन-तीनपट उष्णता वाहतो, जुन्या दगडी घरांना तारते ती त्यांची जाडी. विटा कडेवर उभ्या लावून मधे पोकळी ठेवणारा, वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी लोकप्रिय केलेला रॅट-ट्रॅप बाँड सुमारे पाव विटा वाचवतो आणि भिंतही थोडी सुधारतो. मात्र तो माहीत असलेला गवंडी आधी शोधा.

विचारलं नाहीत, तरी सांगतो. पश्चिमेची भिंत गडद रंगाची असेल तर तिच्यावर पडणाऱ्या उन्हातला ८० ते ९० टक्के भाग ती पिते, पांढरी सुमारे ३० टक्के. भर उन्हात गडद भिंत हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी तापते, पांढरी दहाच्या आसपास. हा फरक रंगाच्या डब्यात मिळतो. एकपदरी काचेची यू-व्हॅल्यू ५.७ आहे, एक चौरस मीटर काच म्हणजे आठ चौरस मीटर एएसी भिंत, आणि काचेतून थेट ऊन येतं ते वेगळंच. आणि वरच्या मजल्याला सगळ्यांत जास्त ऊन मिळतं ते छतावर. पैसे मर्यादित असतील तर माझा क्रम असा: छत, मग पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा किंवा बाहेरची सावली, मग भिंत.

तुमचा कंत्राटदार विटेवरून हलतच नसेल, तर त्याने ब्लॉकचं काम पूर्वी किती केलंय ते आधी विचारा आणि त्यातलं एखादं, किमान दोन पावसाळे काढलेलं घर बघून या. कॉलमच्या कडेच्या भेगा आणि खिडकीच्या कोपऱ्यातल्या तिरप्या भेगा शोधा. त्या दिसल्या किंवा काम केलंच नसेल, तर त्याला विटेतच बांधू द्या. त्याचा हात बसलेली विटेची भिंत ही त्याने शिकत शिकत बांधलेल्या ब्लॉकच्या भिंतीपेक्षा बरी. मग ५० मिमीची चादर बाहेरून वेगळ्या माणसाकडून करून घ्या, तीही सगळीकडे परवडत नसेल तर फक्त पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर. ब्लॉकच ठरला तर मात्र आजच स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन करा. ५० मिमीचा खळगा कॉलमच्या ड्रॉइंगमध्ये यायचा आहे, आणि प्रश्नावरून वाटतंय की तुमचे कॉलम अजून उभे राहायचे आहेत.